जास्वंदीच्या कळ्यांचा तास

माझी सून कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मी चौथीपर्यंत शिकले. तरी तिच्या शिकवण्याबद्दल लिहिते आहे, कारण तिचे तास मी जेवढे ऐकले तेवढे तिच्या कुठल्या विद्यार्थ्याने ऐकले नसतील. ही फुशारकी नाही. लॉकडाऊन होता आणि घरात रेंज फक्त मागच्या पडवीत मिळायची, एवढंच.

आमची वाडी वसईत, निर्मळ गावाच्या बाजूला आहे. केळी, थोडी भाजी, तगर आणि जास्वंद. पूर्वी मोगराही होता, तो मी काढून टाकला. मोगऱ्याला माणसं लागतात आणि माणसं आता मिळत नाहीत. पडवीत एका कोपऱ्यात सून लॅपटॉप मांडून बसायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी भाजी निवडत बसायचे. पडद्यावर काळे चौकोन असायचे, त्यात नावं लिहिलेली. तोंडं नाहीत. ती विचारायची, "ऐकू येतंय ना सगळ्यांना?" बराच वेळ काही नाही. मग कुणीतरी 'येस मॅम' लिहायचं. मी म्हणायचे, "मला येतंय." ती माझ्याकडे न बघता हाताने गप्प करायची.

मला त्या तासांचा कंटाळा कधी आला नाही. ती चांगलं बोलते. देशावरची आहे, शब्द स्वच्छ उच्चारते, घाई करत नाही. एक गोष्ट सांगायला घेतली की मध्येच भलतीकडे जात नाही. एकदा ती मागणी म्हणजे काय ते सांगत होती. गरज वेगळी आणि मागणी वेगळी, असं काहीसं. माणसाला नुसतं हवं असणं ही मागणी नव्हे. हवं असलं पाहिजे, घ्यायची ऐपत असली पाहिजे आणि घ्यायची तयारीही असली पाहिजे, तेव्हा ती मागणी. त्या दिवसांत देवळं बंद होती, दादरचा फुलबाजार बंद होता. आमच्या जास्वंदी झाडावर उमलून झाडाखालीच पडत होत्या, कारण बाजार बंद आहे हे झाडाला कळत नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, लोकांचं देवावरचं मन उडालं. मन उडालं नव्हतं. लोकांना फुलं हवी होती, घेता येत नव्हती. आमच्या वाडीत जे चाललं होतं त्यावर पुस्तकात धडा आहे, हे मला तेव्हा कळलं. भाजी निवडता निवडता कळलं. मला कुणी गटात बसवलं नाही, की हातात रंगीत कागद दिला नाही.

हे आधी सांगून ठेवलं, म्हणजे पुढे मी कुणाच्या बाजूने बोलते आहे ते लक्षात येईल.

कॉलेज पुन्हा सुरू झालं आणि सुनेला वाटलं, आता समोर तोंडं दिसतील. तोंडं दिसली, पण थोडी. तिचं कॉलेज सकाळचं. मुलं नालासोपाऱ्यातून, विरारमधून येतात. बरीचशी दुपारनंतर कुठेतरी कामाला जातात. दुकानात, कुरिअरच्या गोडाऊनमध्ये. पहिल्या तासाला अर्धी बाकं रिकामी आणि उरलेल्यांतली काही मुलं डोकं टेकून झोपलेली. असं दोन वर्षं चाललं. मग वरून सूचना आली की आता नुसतं व्याख्यान द्यायचं नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने सांगितलं.

"मग काय द्यायचं?" मी विचारलं.

"अ‍ॅक्टिव्हिटी. मुलांनी स्वतः करून शिकायचं."

"आणि तू?"

"मी त्यांना मदत करायची. मार्ग दाखवायचा."

"म्हणजे नक्की काय करायचं?"

"म्हणजे वर्गात फिरत राहायचं."

"फिरायला काय, शिपाईही फिरतो."

माझा मुलगा मुंबईला एका ऑफिसात आहे. तो म्हणाला, "आई, हे सगळीकडे आहे. आम्हाला ट्रेनिंगला फुगे फुगवायला लावले. फुग्यातून एकजूट शिकायची."

"मग आली का एकजूट?"

"फुगे फुगवायला आले."

सून हसली नाही. तिचं कारण वेगळं होतं. ती कॉलेजात कायम नाही. तासावर आहे. दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. कितीतरी वर्षं हेच चाललंय. तिच्या विषयाला तासावरचे दोघं होते. ती आणि एक तरुण मुलगा, वसईतलाच. मुलांची संख्या घटत होती, त्यामुळे पुढच्या वर्षी दोघांतला एकच ठेवणार असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोघांचा एकेक तास बघायला बाहेरून पाहुणे येणार होते आणि त्यांच्या मतावर बरंच अवलंबून होतं. सून चाळिशीला आलेली. हे कॉलेज सुटलं तर दुसरीकडे तिला कोण घेणार, हा प्रश्न जेवणाच्या ताटावर कुणी बोलून दाखवला नाही, पण सगळ्यांना माहीत होता.

तिने आधी एकदा करून बघितलं. मुलांचे गट पाडले, मोठे कागद दिले, स्केचपेनं दिली. घरी आली तेव्हा तोंड पडलेलं.

"काय झालं?"

"प्रत्येक गटात एक मुलगी लिहीत होती. बाकीचे मोबाइलवर."

"ती मुलगी तरी काय लिहीत होती?"

"पुस्तकातलं. तसंच्या तसं. वर फुलांची नक्षी काढली होती."

"म्हणजे हात चालले."

"हो. हातच चालले."

करून शिकणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे. मी आयुष्यात बहुतेक सगळं करूनच शिकले आणि त्याचं मला फार कौतुक नाही. माझ्या सासूने मला जास्वंद खुडायला शिकवलं. शिकवलं म्हणजे बोलली काहीच नाही. ती पुढे, मी मागे. चुकीची कळी धरली की मनगटावर चापट. बरोबर धरली की काही नाही. आमच्याकडे जास्वंदीची कळी आदल्या संध्याकाळी खुडतात, देठ थोडा ठेवून. मग केळीच्या पानाच्या तुकड्यात घट्ट गुंडाळायची आणि केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोरीने बांधायची. सैल बांधली की चापट. का बांधायची, कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बांधता येत होतं, बस. पुढे किती तरी वर्षांनी गावातल्या सभागृहात शेतीखात्याचा एक माणूस भाषण द्यायला आला. तो म्हणाला, खुडलेली कळीही जिवंत असते, ती श्वास घेते. दाबून आणि गार ठेवली की श्वास हळू चालतो, म्हणून उमलायची थांबते. एवढंच त्याने सांगितलं, तेही चहा यायच्या आधी घाईघाईत. पण मी इतकी वर्षं काय करत होते ते मला त्या खुर्चीत बसून कळलं, वाडीत नाही.

सुनेला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "पण तुम्ही आधी बांधत होता म्हणून त्याचं बोलणं तुम्हाला कळलं. ज्याने कधी कळी बांधली नाही त्याला काय कळलं असतं?"

मी म्हटलं, "भात वाढ."

पण त्या बोलण्यातून तिला सुचलं. दोन दिवस ती वाडीत फिरत राहिली, जास्वंदीकडे बघत. मग मला समोर बसवून तिने पूर्ण बेत सांगितला. वर्गातच फुलांचा बाजार भरवायचा. पुढच्या बाकांवरची मुलं शेतकरी, मधली दलाल, मागची हारवाले. शेतकऱ्यांकडे जास्वंदीच्या कळ्या. पहाटे खुडलेली सुट्टी कळी तासाभरात फुगायला लागते आणि ऊन वर आलं की उमलते. उमललेली जास्वंद आपण घरच्या देवाला वाहतो, पण बाजारात तिला कुणी विचारत नाही, कारण संध्याकाळी ती मान टाकते. तेव्हा मुलांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या हातात माल बिघडत जाणार. शेतकऱ्यांना घाई होणार, भाव खाली येणार. नाशवंत माल म्हणजे काय हे पुस्तकात वाचायला नको.

बेत चांगला होता. मी तसं म्हटलं नाही, पण चांगला होता.

"आणि तुम्हीही यायचं," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"मुलांना काही विचारायचं असलं तर. शिवाय प्राचार्यांना गावातली माणसं वर्गात आलेली आवडतात."

"मी बोलणार नाही."

"बोलूच नका. विचारलं तरच."

आदल्या दिवशी कॉलेजला जाताना तिने पुन्हा बजावलं. "आई, कळ्या उद्या पहाटे खुडायच्या. सुट्ट्या ठेवायच्या, टोपलीत पसरून. पानात बांधायच्या नाहीत. फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत."

"बरं," मी म्हटलं. ऐकलंही नीट.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे वाडीत गेले. डोक्यात पंपाचं चाललं होतं. मोटर मध्येच बंद पडत होती आणि वायरमन आज येतो उद्या येतो करत होता. वायरमनला मनातल्या मनात शिव्या देत मी जास्वंदीच्या ओळीतून गेले, कळ्या खुडल्या, केळीचं पान फाडलं, पुड्या बांधल्या. बाजारच्या पुड्या बाजारवाल्या बाईला दिल्या. कॉलेजच्या वेगळ्या काढल्या आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी त्या टोपलीत भरल्या, वर ओलं फडकं टाकलं. सून चार्ट, कागद, माझी पाण्याची बाटली असं सगळं घेऊन स्कूटरने पुढे गेली आणि मी टोपली मांडीवर घेऊन रिक्षाने मागून. वाटेत मी दोनदा फडक्याला हात लावून बघितला, ओलं आहे ना म्हणून. चांगलं ओलं होतं.

कॉलेजची इमारत मोठी आहे. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती शिक्षकांना. शिपायाने माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, फुलवाल्यांनी खालीच द्यायचं."

"मी वर्गात शिकवायला आले आहे," मी म्हटलं. त्याने लिफ्ट उघडली.

वर्गातली बाकं लांबलचक आणि जमिनीला ठोकलेली. कुणी वळून मागच्याशी बोलायचं म्हटलं तरी गुडघा आपटतो. बाजार भरवायचा तर माणसाने फिरलं पाहिजे. इथे मुलं बाकांवरून उड्या मारत होती. त्या दिवशी वर्ग भरलेला होता. फुलं येणार, बाजार भरणार, असं पसरलं होतं म्हणे. मला फळ्याजवळच्या कोपऱ्यात खुर्ची दिली.

पाहुणे आले. फाईल घेतलेल्या एक बाई आणि जाकीट घातलेले एक गृहस्थ. सोबत प्राचार्य. ते मागच्या बाकावर बसले. सुनेने मुलांना थोडक्यात काय करायचं ते सांगितलं. मग टोपली टेबलावर घेतली आणि फडकं काढलं.

आत पुड्या. घट्ट बांधलेल्या, नीट एकावर एक रचलेल्या.

तिने माझ्याकडे बघितलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा त्या पुड्यांकडे बघितलं म्हणायला हरकत नाही. तिचा चेहरा हलला नाही. तिने एक पुडी सोडली. कळ्या गार आणि टणक, लाल सुपारीसारख्या. गार राहिलेली कळी दुपारपर्यंत हूं की चूं करत नाही. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, वर्गात आणखी कुणाला माहीत नव्हतं.

जाकीटवाले गृहस्थ पुढे आले, मोबाइल काढला. "वा. हे पॅकिंग पारंपरिक आहे का, आजी?"

"केळीचं पान आहे," मी म्हटलं.

"फार सुंदर. अगदी पर्यावरणपूरक." त्यांनी पुडीचा फोटो काढला, माझा काढला, मग सुनेला पुडी हातात धरायला लावून तिचा काढला.

बाजार सुरू झाला. आरडाओरडा भरपूर. पोरांना तेच हवं होतं. "काकू, कसं दिलं?" "तुझ्या आईला काकू म्हण." "दलाल साहेब, जरा इकडे बघा, गरीब शेतकरी आहे मी." "गरीब आणि बूट बघ कसले." एका मुलीने पदरासारखी ओढणी घेतली. प्राचार्य हसत होते. फाईलवाल्या बाई लिहीत होत्या. थोड्या वेळाने तिघेही उठले. प्राचार्य दाराशी सुनेला म्हणाले, "छान. जिवंत वर्ग आहे." आणि खाली गेले. ऑफिसात नाश्ता ठेवला होता, त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता.

ते गेले आणि बाजार हळूहळू थंड पडत गेला. झालं असं की कळ्या उमलत नव्हत्या. दलाल झालेल्या मुलांना सुनेने सांगितलं होतं की थांबा, माल बिघडायला लागला की भाव पडेल, मग घ्या. ते थांबले. शेतकरी झालेल्या मुलांना घाई करायला काही कारणच नव्हतं, तेही थांबले. मागचे हारवाले दलालांची वाट बघत बसले. कुणी विकेना, कुणी घेईना. मुलं कळ्या डोळ्यांजवळ नेऊन बघत होती.

"मॅम, ह्या प्लास्टिकच्या आहेत का?"

"मॅम, हिला उठवा कुणीतरी."

"गप रे, मॅमचा प्रॅक्टिकल फेल झाला." हे हळू आवाजात, पण मी कोपऱ्यात बसून ऐकलं म्हणजे तिनेही ऐकलंच.

माझी सून टेबलाला हात लावून उभी होती. मला वाटलं, आता ही मला काही विचारेल आणि मी चारचौघांत काय सांगू की माझ्या हातांना तू सांगितलेलं कळलं नाही. तिने विचारलं नाही. ती कुणाकडेच बघत नव्हती.

तेवढ्यात शेतकऱ्यांतली एक मुलगी बोलली. कळंबच्या कोळ्यांची, असं नंतर कळलं. बाकाच्या टोकाला बसली होती, ओरडण्यात कुठे नव्हती.

"मॅम, मग आम्ही विकनारच नाही."

"का?"

"का म्हणजे? माल थांबलाय ना. मग आपनही थांबायचं. आमच्या म्हावऱ्याला बर्फ असला की दलालाने फोन करायचा. बर्फ नसला की आपन त्याच्या दारात उभं राहायचं."

दलालांतला एक मुलगा म्हणाला, "बर्फ कोण देतो पण?"

"दलालच देतो," ती म्हणाली, आणि काही मुलं हसली. ती हसली नाही.

सून टेबलापासून पुढे आली. तिने फळ्यावर काही लिहिलं नाही, कागद उघडला नाही. "बसा सगळे," म्हणाली. मुलं बसली. आणि ती बोलायला लागली.

ती काय बोलली ते सगळं मला सांगता येणार नाही, पण ओघ सांगते. माल लवकर खराब होतो ही फुलाची किंवा माशाची गोष्ट झाली. पण कोण किती थांबू शकतो, ही माणसांची गोष्ट आहे. ज्याच्याकडे गार जागा आहे तो थांबतो. ज्याच्याकडे नाही त्याला जो भाव मिळेल तो घ्यावा लागतो. आणि गार जागा, गोदाम, बर्फ हे ज्याच्याकडून उसनं घ्यायचं त्यालाच माल विकायचा असेल, तर तुम्ही थांबलात असं वाटतं पण थांबलेले नसता. मग ती त्यांच्यावर आली. तुमच्यातले किती जण दुपारी कामाला जातात? हात वर झाले. तुमचा दिवस हाही असाच माल आहे. आजचा दिवस आज कामाला लावला नाही तर तो उद्या विकता येत नाही. मग पगार ठरवताना कोण थांबू शकतो, तुम्ही की मालक? आणि तुम्हाला थांबता यावं असं काय काय असू शकतं?

वर्ग शांत होता. झोपलेला शांत नव्हे. कुरिअरमध्ये काम करणारा एक मुलगा काहीतरी म्हणाला, तिने त्याचं ऐकून घेतलं, पुन्हा बोलली. घंटा झाली तरी दोन वाक्यं बोलली आणि मग थांबली. कुणी बाकावरून उडी मारली नाही. दाराने गेले. कळंबची मुलगी जाताना माझ्याजवळून एक पुडी घेऊन गेली. न विचारता.

बाजार भरला नसता आणि अडला नसता तर मुलांनी हे ऐकलं असतं का, मला शंका आहे. आणि ती नुसतीच फिरत राहिली असती तर मुलं काय घेऊन घरी गेली असती, याबद्दल मला शंका नाही. ओढणीचा पदर आणि कळ्यांचे फोटो.

स्कूटर कॉलेजातच ठेवून ती माझ्याबरोबर रिक्षात बसली.

"आई, मी सुट्ट्या सांगितल्या होत्या."

"सांगितल्या होत्यास."

"मग?"

"हातांनी बांधल्या."

तिने बाहेर बघितलं. "मला नोकरी टिकवायची होती, आई. आज एक दिवस."

"माहीत आहे."

मी तिला सॉरी म्हटलं नाही. आमच्याकडे सासू सुनेला म्हणत नाही आणि म्हटलं असतं तर तिला आणखी राग आला असता. मी म्हटलं, "ते लोक होते तोवर छान चाललं होतं. कळ्यांचं त्यांना कळलंसुद्धा नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "जे चांगलं झालं ते त्यांनी बघितलं नाही. जे बघितलं ते काहीच नव्हतं."

"मग तुझं बिघडलं कुठे?"

भुईगावचा फाटा आला, तिने रिक्षा थांबवून भाजी घेतली. भाजी आमच्या वाडीत असते. घेतली तरी.

त्यानंतर काही आठवडे घरात तो विषय निघाला नाही. वायरमन आला, मोटर सुरू झाली. मुलांच्या परीक्षा झाल्या, तिने पेपर तपासले. एका दुपारी ती पडवीत फोनवर बोलत होती. "हो सर. हो. थँक यू सर." फोन ठेवून माझ्याजवळ येऊन बसली.

"ठेवलं मला."

"बरं झालं."

"पुढच्या वर्षापुरतं. तासावरच."

"तरी बरं झालं."

"सर म्हणाले, पाहुण्यांना तास फार आवडला. फोटो कॉलेजच्या पेजवर टाकलेत. तुमचाही आहे." तिने मोबाइल पुढे केला. चष्मा नव्हता म्हणून मी बघितला नाही.

"आणि तो मुलगा?" मी विचारलं.

"त्याला नाही ठेवलं." ती पडवीच्या खांबाला टेकली. "त्याने त्याच्या दिवशी नुसतं व्याख्यान दिलं. मी बाहेर उभी राहून ऐकलं होतं, आई. तो माझ्यापेक्षा चांगला बोलतो. मुलं ऐकत होती. पाहुणे मध्येच उठून गेले. बाईंनी लिहिलं की विद्यार्थ्यांचा सहभाग दिसला नाही."

"ऐकत होती ना मुलं?"

"ऐकणं दिसत नाही," ती म्हणाली. "फोटोत येत नाही."

मला त्या मुलाबद्दल वाईट वाटलं. फार नाही, कारण तो तरुण आहे आणि त्याला मुंबईत नोकरी मिळेल. नंतर मिळालीही, कुठल्याशा क्लासमध्ये, तिथे तो माइक लावून शेकडो मुलांना शिकवतो. तिथे त्याला कुणी फिरायला सांगत नाही. पण त्या दुपारी हे माहीत नव्हतं आणि माझी सून अशी बसली होती की तिलाच काढून टाकलंय.

"मी त्याला फोन करू का?" ती म्हणाली.

"करून काय सांगशील?"

"की त्याचा तास चांगला होता."

"मग तेवढंच सांग. बाकीचं रडगाणं लावू नकोस, त्याला तुझीच समजूत काढत बसावं लागेल."

तिने फोन केला. वाडीत केळींच्या मध्ये उभी राहून बराच वेळ बोलली. आली तेव्हा चहा टाकला, मलाही दिला. म्हणाली, दर महिन्याला एक तरी अ‍ॅक्टिव्हिटी झालीच पाहिजे असं आता लेखी आलंय, फोटोसह. मी म्हटलं, फोटो काढायला तासभर लागत नाही. ती पहिल्यांदा हसली.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. नवीन मुलं, ठोकलेली तीच बाकं. पहिल्या दिवशी ती लवकर तयार झाली. हातात चार्ट नव्हता, पिशवी नव्हती, नुसती पर्स.

"आज काय करायचंय?" मी विचारलं.

"आज बोलणार आहे."

"कुणी येणार आहे का बघायला?"

"नाही."

"मग बोल," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.